योजनातील परमाणू : 'ललितविस्तरा'तील एका महासंख्येचे गणित

'ललितविस्तर' या बौद्ध संस्कृत ग्रंथाच्या बाराव्या परिवर्तास 'शिल्पसंदर्शन' असे नाव आहे. आपली कन्या गोपा सिद्धार्थ कुमारास देण्यापूर्वी कुमार शिल्पनिपुण आहे की नाही हे पाहिले पाहिजे, असा आग्रह शाक्य दंडपाणी धरतो. आणि मग लिपी, गणना, मल्लविद्या, धनुर्विद्या अशा अनेक विषयांत कुमाराची परीक्षा होते, असा तेथील कथाभाग आहे. गणनेच्या परीक्षेस अर्जुन नावाचा शाक्यांचा गणक नेमलेला असतो. तो कुमारास दोन प्रश्न विचारतो. कोटीच्या पुढे शतगुणोत्तर गणना कशी चालते, हा पहिला. परमाणुरजापासून आरंभ करून योजनापर्यंतचे मान कसे मोजावे, हा दुसरा.

या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातून एक मोठी पूर्णसंख्या निष्पन्न होते. व्याख्यानांतून व पुस्तिकांतून तिचा उल्लेख पुष्कळदा एका विशिष्ट हेतूने केला जातो. अणूचे आकारमान आधुनिक विज्ञानास अगदी अलीकडे कळले, तथागतांना मात्र ते अडीच हजार वर्षांपूर्वीच ज्ञात होते, असे त्या संख्येच्या आधारे सांगण्यात येते. ऐकणाऱ्यास, विशेषतः विहारातील अभ्यासवर्गास येणाऱ्या विद्यार्थ्यांस, हे विधान मोठे सुखावह वाटते. परंतु जे सुखावह वाटते तेही तपासून घ्यावे, ही आपल्या धम्माची शिकवण आहे. प्रस्तुत लेखात ती संख्या कशी तयार होते, तिचे गणिती गुणधर्म कोणते, आणि तिच्यावरून काय सिद्ध होते व काय होत नाही, याचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी शालेय अंकगणिताहून अधिक कशाचीही आवश्यकता नाही.

कोटीच्या पुढील गणना

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात कुमार सांगतो की, शंभर कोटींचे एक अयुत, शंभर अयुतांचे एक नियुत, शंभर नियुतांचे एक कंकर, शंभर कंकरांचे एक विवर, आणि याप्रमाणे पुढे. कोटीनंतर अशी तेवीस नावे येतात व शेवटचे नाव 'तल्लक्षण' हे आहे. कोटी म्हणजे १ वर ७ शून्ये. प्रत्येक पायरीस दोन शून्ये वाढतात, म्हणून तेवीस पायऱ्यांची ४६ शून्ये झाली. ४६ आणि ७ मिळून ५३. अर्थात तल्लक्षण म्हणजे १ वर ५३ शून्ये. त्याच्याही पुढील गणना ग्रंथात सांगितलेल्या आहेत.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. अयुत, नियुत ही नावे इतर संस्कृत ग्रंथांत निराळ्या मूल्यांसाठी वापरलेली आढळतात. अयुत म्हणजे दहा हजार, हा अर्थ अधिक प्रचलित आहे. त्यामुळे जुन्या ग्रंथातील संख्यावाचक शब्द वाचताना त्या ग्रंथाची स्वतःची परिभाषा कोणती, हे प्रथम पाहावे लागते.

सातांची श्रेणी

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. सात परमाणुरज मिळून एक अणू. सात अणूंची एक त्रुटी. सात त्रुटींचा एक वातायनरज, म्हणजे खिडकीतून येणाऱ्या उन्हात दिसणारा धूलिकण. सात वातायनरजांचा एक शशरज, सात शशरजांचा एक एडकरज, सात एडकरजांचा एक गोरज. ससा, मेंढा आणि गाय यांच्या नावांनी ओळखले जाणारे हे धूलिकण होत. सात गोरजांचा एक लिक्षारज. लिक्षा म्हणजे आपल्या बोलीतील लीख. सात लिक्षांचा एक सर्षप, म्हणजे मोहरीचा दाणा. सात सर्षपांचा एक यव, म्हणजे जवाचा दाणा. सात यवांचे एक अंगुलिपर्व.

परमाणूपासून अंगुलिपर्वापर्यंत अशा दहा पायऱ्या आहेत. म्हणून एका अंगुलात सातचा दहावा घात इतके परमाणू झाले. सातचा पाचवा घात १६,८०७ असून त्याचा वर्ग २८,२४,७५,२४९ येतो. म्हणजे अठ्ठावीस कोटींहून काही अधिक.

यापुढे सात हा गुणक सुटतो व माणसाच्या हाताचे माप सुरू होते. बारा अंगुलांची एक वितस्ती, म्हणजे वीत. दोन वितींचा एक हस्त. चार हस्तांचे एक धनू. एक हजार धनूंचा मगध देशीचा एक क्रोश. चार क्रोशांचे एक योजन. १२, २, ४, १,००० आणि ४ यांचा गुणाकार ३,८४,००० होतो. एका योजनात इतके अंगुल. वसुबंधूंच्या अभिधर्मकोशात पाचशे धनूंचा क्रोश आणि आठ क्रोशांचे योजन असे दिलेले आहे. ५०० ला ८ ने गुणले काय आणि १,००० ला ४ ने गुणले काय, योजन चार हजार धनूंचेच राहते. क्रोश बदलला तरी योजन बदलले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आता ३,८४,००० आणि २८,२४,७५,२४९ यांचा गुणाकार केला की आपली संख्या मिळते :

१०,८४,७०,४९,५६,१६,०००

म्हणजे एक कोटी आठ लक्ष सत्तेचाळीस हजार एकोणपन्नास कोटी, छप्पन्न लक्ष, सोळा हजार. एका योजनाच्या लांबीत एकास एक लागून ठेवलेले परमाणू इतके असतील. आपण स्वल्पविराम देऊन दोन-दोन अंकांचे जे गट पाडतो, तीच ललितविस्तराची शतगुणोत्तर पद्धती होय. त्यामुळे ही संख्या कुमाराच्या परिभाषेत सहज वाचता येते : १० कंकर, ८४ नियुत, ७० अयुत, ४९ कोटी, ५६ लक्ष, १६ सहस्र. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरास असे उपयोगी पडते.

संख्येचे अवयव

कोणतीही पूर्णसंख्या मूळ संख्यांच्या गुणाकाराच्या रूपाने मांडता येते, आणि ती मांडणी एकाच प्रकारे होते. आपल्या संख्येचे मूळ अवयव चारच आहेत : २, ३, ५ आणि ७. त्यांपैकी २ हा दहा वेळा येतो, ३ एकदा, ५ तीन वेळा, आणि ७ दहा वेळा. पंधरा अंकी संख्येत ११, १३, १७ असा एकही मोठा मूळ अवयव नसावा, हे सहजासहजी घडत नाही. वाटेल ती पंधरा अंकी संख्या घेतली तर तिच्यात बहुधा एखादा फार मोठा मूळ अवयव निघतो. येथे तसे होत नाही याचे कारण ही संख्या मोजून मिळालेली नाही, लहान संख्यांच्या गुणाकाराने बांधलेली आहे.

प्रत्येक अवयव कोठून आला हेही सांगता येते. दहा ७ आले ते रजांच्या दहा पायऱ्यांतून. तीन ५ आले ते धनूंच्या एक हजारातून. एकुलता एक ३ आला तो वितीच्या बारा अंगुलांतून. दहा २ मात्र अनेक ठिकाणांहून गोळा झाले : बारांतून दोन, दोन वितींतून एक, चार हातांतून दोन, हजारातून तीन आणि चार क्रोशांतून दोन. अवयव पाडणे म्हणजे एका अर्थी संख्येची वंशावळ लिहिणे होय.

अवयव कळले की इतर गुणधर्म आपोआप कळतात. संख्येच्या शेवटी तीनच शून्ये का, तर शून्य निर्माण होण्यास २ आणि ५ यांची जोडी लागते व ५ तीनच आहेत. संख्येस निःशेष भागणाऱ्या एकंदर संख्या किती, हे काढण्यासाठी प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणाकार करावयाचा : ११ × २ × ४ × ११, म्हणजे ९६८ विभाजक. ही पूर्ण वर्गसंख्या आहे काय? नाही, कारण ३ व ५ यांचे घातांक विषम आहेत. परंतु तिला १५ ने गुणले की ती पूर्ण वर्ग होते, आणि त्याहून लहान गुणकाने होत नाही. २६,८९,१२० या संख्येचा वर्ग करून त्याला १५ ने गुणले तर आपलीच संख्या येते.

मूळ वचन योजनाच्या लांबीविषयी नसून योजनभर घनाविषयी आहे असे कोणी म्हटले, तर या संख्येचा घन करावा लागेल. तो ४३ अंकी येतो. त्यात ७ तीस वेळा येतो आणि शेवटी नऊ शून्ये असतात. घन प्रत्यक्ष लिहून न काढताही त्याचे अवयव व शून्ये सांगता येतात, हे या पद्धतीचे सामर्थ्य आहे.

पाठशुद्धीसाठी उपयोग

हे केवळ मनोरंजन नव्हे. जुन्या ग्रंथांत मोठ्या संख्या शब्दांत लिहिल्या जात. नकलकाराच्या हातून एक शब्द गळाला किंवा पुढे-मागे झाला की संख्या बदलते, आणि वाचणाऱ्यास ते कळतही नाही. ललितविस्तराची संहिता राजेंद्रलाल मित्र यांनी १८७७ मध्ये, जर्मन पंडित लेफमान यांनी १९०२ मध्ये आणि आपले मराठी विद्वान डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी १९५८ मध्ये दरभंग्याच्या मिथिला विद्यापीठामार्फत प्रसिद्ध केली. अशा ग्रंथाचे पाठ ताडून पाहताना व्याकरण व छंद यांची मदत घेतली जाते. जेथे संख्या असेल तेथे अंकगणिताचीही घेता येते.

आपल्या संख्येवर दोन सोपे प्रयोग करून पाहू. शेवटची तीन शून्ये वगळून उरलेल्या अंकांची बेरीज केली तर १ + ० + ८ + ४ + ७ + ० + ४ + ९ + ५ + ६ + १ + ६ म्हणजे ५१ येते. ५१ ला ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही. म्हणून संख्येलाही ३ ने भाग जातो व ९ ने जात नाही. संख्येत ३ एकदाच आहे, याच्याशी हे जुळते. दुसरा प्रयोग ७ चा. १,००१ ही संख्या ७, ११ व १३ यांचा गुणाकार आहे. म्हणून उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून ते आळीपाळीने मिळवावे व वजा करावे : ६१६ − ४९५ + ४७० − १०८ म्हणजे ४८३. ४८३ म्हणजे ७ × ६९. भाग जातो.

या दोन कसोट्या एकत्र लावल्या तर कोठलाही एक अंक चुकीचा लिहिला गेला असल्यास चूक हमखास उघडी पडते. एक अंक बदलूनही ७ ने भाग जात राहावा, तर त्या अंकात ७ चाच फरक पडला पाहिजे, जसे १ चा ८ किंवा २ चा ९. पण ७ च्या फरकाने ३ ची कसोटी मोडते. दोन्ही कसोट्या चुकवण्यास २१ चा फरक लागेल, आणि एका अंकात तो पडू शकत नाही.

मात्र श्रेणीतील एखादी पायरीच गळाली, तर या कसोट्या पुरेशा नाहीत. तसे झाल्यास उत्तर १,५४,९५,७८,५०,८८,००० असे येईल आणि त्यालाही ३ व ७ ने भाग जाईल. अशा वेळी ७ ने एकापाठोपाठ किती वेळा भाग जातो ते मोजावे. दहा वेळा गेला तर श्रेणी पूर्ण आहे. नऊच वेळा गेला तर एक पायरी हरवली आहे.

परमाणूचे माप आणि आजचा अणू

आता ज्या विधानापासून आपण आरंभ केला त्याकडे वळू. आपल्याकडील हात अठरा इंचांचा धरला जातो. हाताचे चोवीस अंगुल, म्हणून एक अंगुल सुमारे १९ मिलिमीटर. त्या मानाने योजन सुमारे ७.३ किलोमीटर होते. नागपूरहून कामठी साधारण दोन योजनांवर आहे असे म्हणता येईल. योजनाचे माप निरनिराळ्या काळी व प्रदेशी निरनिराळे होते. येथे ललितविस्तराच्या कोष्टकापुरतेच बोलत आहोत.

१९ मिलिमीटरचे अठ्ठावीस कोटी पंचवीस लक्ष भाग केले तर एक भाग सुमारे ०.६७ कोट्यंश मिलिमीटर येतो; कोट्यंश म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. आणि हायड्रोजनच्या अणूचा व्यास सुमारे १.०६ कोट्यंश मिलिमीटर आहे. दोन्ही आकडे जवळजवळ एकाच पातळीवरचे आहेत, हे खरे. प्रथमदर्शनी मनुष्य चकित होतो, यातही नवल नाही.

पण गुणाकार बरोबर असला म्हणून माप बरोबर ठरत नाही. ते ठरविण्यासाठी श्रेणीच्या टोकाला असलेल्या अदृश्य परमाणूपाशी जाण्याचे कारण नाही. मधल्या पायऱ्यांवर आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या आणि हाताला लागणाऱ्या वस्तू ठेवलेल्या आहेत. त्याच तपासाव्यात.

मोहरी, लीख आणि कवडशातील धूळ

अंगुलात सात यव. म्हणजे जवाच्या दाण्याची रुंदी सुमारे २.७ मिलिमीटर. हे प्रत्यक्षाशी बऱ्यापैकी जुळते. येथपर्यंत श्रेणी अनुभवास धरून आहे.

यवात सात सर्षप, म्हणजे अंगुलात ४९ मोहऱ्या. त्या हिशेबाने मोहरीचा दाणा ०.३९ मिलिमीटरचा असावयास पाहिजे. कोणीही घरच्या मसाल्याच्या डब्यातील मोहरी घेऊन पट्टीच्या कडेला ओळीने मांडून पाहावी. मोहरीचा दाणा एक ते दोन मिलिमीटरचा असतो. अंगुलभर जागेत दहा ते एकोणीस दाणे मावतात, ४९ मावत नाहीत. यवाखालच्या पहिल्याच पायरीवर अडीच ते पाच पटींची तफावत पडली.

पुढची पायरी लीख. कोष्टकाप्रमाणे ती ०.०५५ मिलिमीटरची येते. प्रत्यक्षात उवेचे अंडे सुमारे ०.८ मिलिमीटर लांबीचे असते. येथे तफावत चौदा पटींच्या घरात गेली.

आणखी खाली वातायनरज. हा कवडशात तरंगताना डोळ्यांना दिसणारा कण. त्याचे नावच ते सांगते. अंगुलाचे सातच्या सातव्या घाताइतके, म्हणजे ८,२३,५४३ भाग केले की वातायनरज मिळतो. त्याचे माप ०.०००,०२३ मिलिमीटर येते. जांभळ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.०००,४० मिलिमीटर आहे. म्हणजे हा कण दृश्य प्रकाशाच्या सर्वांत लहान तरंगाच्याही सतराव्या हिश्शाइतका झाला. असा सुटा कण कोणत्याही खिडकीत कोणाच्याही डोळ्यास दिसणार नाही. ज्याची व्याख्याच 'दिसणारा' अशी आहे, तो कोष्टकाने अदृश्य ठरविला.

यावरून निष्कर्ष स्पष्ट निघतो. ही श्रेणी मोजमापांची नोंद नव्हे. सात हा गुणक निसर्गातून घेतलेला नसून सोयीने निवडलेला व दहा वेळा तोच ठेवलेला आहे. मधल्या सर्व पायऱ्यांवर माप चुकत असता शेवटच्या पायरीवर ते अणूच्या जवळपास आले, याला योगायोग म्हणावे, ज्ञान म्हणू नये. शिवाय ललितविस्तराचे सांप्रतचे स्वरूप भगवंतांच्या कित्येक शतकांनंतर सिद्ध झालेले आहे. त्यातील वचन तथागतांच्या मुखातील म्हणून सांगणे इतिहासासही धरून नाही.

आर्किमिडीजची खसखस

मग या प्रकरणाला काही मोल नाही काय? मोल आहे, पण ते निराळ्या ठिकाणी आहे. योजनभर पसरलेली धूळ पाहून सामान्य मनुष्य 'अगणित' म्हणून मोकळा होतो. येथे कुमार दाखवितो की, ती अगणित नाही. तिची संख्या मोठी आहे, परंतु मर्यादित आहे. रजाच्या दहा पायऱ्या व हाताच्या पाच, अशा पंधरा पायऱ्यांत ती सांगून संपते. 'फार मोठे' आणि 'अनंत' या दोन कल्पना एक नाहीत, हा विचार त्या काळी स्पष्टपणे मांडला गेला, हे त्या प्रकरणाचे खरे वैभव होय.

हाच विचार इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ग्रीक गणिती आर्किमिडीज याने मांडला. सिराक्यूजचा राजा गेलॉन यास उद्देशून लिहिलेल्या एका प्रबंधात त्याने असे दाखविले की, साऱ्या विश्वाचा गोल वाळूने भरला तरी वाळूचे कण १ वर ६३ शून्ये या संख्येहून अधिक होणार नाहीत. त्याच्याही हिशेबात अंगुल आणि बी आहे. मोहरीच्या जागी खसखस. पण त्याने खसखशीचे दाणे गुळगुळीत पट्टीवर ओळीने मांडून पाहिले. पंचवीस दाण्यांतच अंगुलाहून अधिक जागा व्यापली जाते असे आढळले. हिशेबात कमी पडू नये म्हणून त्याने मुद्दाम चाळीस दाणे धरले, आणि आपण तसे धरले आहे हे लिहून ठेवले. दोन्ही ठिकाणी गुणाकार निर्दोष आहे. एका ठिकाणी पट्टी वापरली गेली, दुसऱ्या ठिकाणी नाही, एवढाच भेद. आणि तो भेद मोठा आहे.

मोहरीचे नगर

पाली सुत्तांतही मोहरी आणि योजन एकत्र येतात. संयुत्तनिकायातील सासपसुत्तात एक भिक्खू भगवंतांना कल्प केवढा दीर्घ असतो असे विचारतो. वर्षांची संख्या सांगणे सोपे नाही, उपमा मात्र देता येईल, असे भगवंत म्हणतात. एक योजन लांब, एक योजन रुंद व एक योजन उंच असे लोखंडी तटबंदीचे नगर मोहरीने भरावे व शंभर वर्षांनी एक दाणा बाहेर काढावा. ती रास संपेल, तरी कल्प संपणार नाही.

दोन परंपरा एकत्र करून गणित मांडले तर काय होते ते पाहू. ललितविस्तराच्या मोहरीने मोजल्यास योजनाच्या लांबीत १,८८,१६,००० दाणे येतात आणि नगरात ६,६६,१६,५१,५६,२४,९६,००,००,००,०००. म्हणजे बावीस अंकी संख्या. अंगुलात दहा मावणाऱ्या आपल्या घरच्या जाड मोहरीने मोजल्यास लांबीत ३८,४०,००० दाणे आणि नगरात ५,६६,२३,१०,४०,००,००,००,००,०००. ही संख्या वीस अंकी आहे. लांबीत ४.९ पटींचा फरक होता, घनात तो ११७ पटींहून अधिक झाला. मूळ मापातील लहानशी चूक घन करताना केवढी फुगते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

परंतु सुत्ताचा आशय या फरकाने तसूभरही हलत नाही. संख्या वीस अंकी असो वा बावीस अंकी, कालाच्या या अफाट विस्तारात संस्कारांना चिकटून राहण्यात अर्थ नाही, हा उपदेश तसाच उभा राहतो. भगवंतांनी आकडा न देता उपमा दिली. जेथे मोजलेले नाही तेथे मोजल्याचा आव आणला नाही. अणूच्या आकाराचे श्रेय त्यांना देऊ पाहणाऱ्यांनी हा संयम ध्यानात घ्यावा.

दोन कसोट्या

मराठी भाषकांना या बाबतीत आपल्याच परंपरेत चांगले आदर्श लाभलेले आहेत. धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांचा 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ १९४० च्या सुमारास नागपूरच्या सुविचार प्रकाशन मंडळाने प्रसिद्ध केला. ललितविस्तरासारख्या ग्रंथांतील अद्भुत कथाभाग आणि प्राचीन पाली सुत्तांतील साधा वृत्तांत यांत भेद करून त्यांनी बुद्धचरित्र लिहिले. श्रद्धा कमी होती म्हणून त्यांनी असे केले नाही. भगवंतांविषयी खरे तेवढेच सांगावे, ही त्यांची श्रद्धा होती. त्यांचे पुत्र दामोदर कोसंबी (१९०७–१९६६) हे गणिती. त्यांनी तक्षशिलेच्या प्राचीन नाण्यांचे वजन करून, वापराने नाणी झिजतात या साध्या गोष्टीवरून संख्याशास्त्राच्या साहाय्याने त्यांचा कालक्रम लावण्याचा प्रयत्न केला. पित्याने ग्रंथ तपासले, पुत्राने तराजू हाती घेतला.

बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बुद्धवचन ओळखण्याच्या कसोट्या सांगितल्या आहेत. बुद्ध हे बुद्धिवादी होते, म्हणून जे बुद्धीस व तर्कास धरून असेल तेच त्यांचे मानावे. माणसाच्या कल्याणाशी ज्याचा संबंध नाही अशा चर्चेत ते पडत नसत. आणि ज्याविषयी त्यांची खात्री होती व ज्याविषयी नव्हती, असा भेद ते स्वतःच करीत. या तिन्ही कसोट्या परमाणूच्या प्रकरणास लावून पाहिल्यास, ते वचन नंतरच्या ग्रंथकाराच्या कल्पकतेचे आहे हे मान्य करण्यात कोणतीही हानी दिसत नाही.

कालामसुत्तातील उपदेश सर्वांस परिचित आहे. पिटकात आहे म्हणून स्वीकारू नका, एवढेच आपण पुष्कळदा सांगतो. केवळ तर्काने निघते म्हणूनही स्वीकारू नका, असेही तेथेच सांगितले आहे, त्याचा विसर पडतो. आपल्या संख्येने हे दोन्ही धडे दिले. ३ व ७ ची कसोटी लावून संख्या आतून तपासता येते. ती तर्काची बाजू. मोहरी पट्टीवर मांडून ती बाहेरून तपासता येते. ती अनुभवाची बाजू. पहिल्या कसोटीस ती पूर्णपणे उतरली, दुसरीस उतरली नाही. एकाच कसोटीवर थांबलो असतो तर फसलो असतो.

अभ्यासवर्ग चालविणाऱ्या उपासक-उपासिकांनी हे प्रकरण विद्यार्थ्यांकडून अवश्य करून घ्यावे. गणिताची भीती बाळगणारी कित्येक मुले आपल्या वस्त्यांत आहेत. सातचा दहावा घात करणे, अवयव पाडणे, तीन-तीन अंकांचे गट करून भाग जातो की नाही ते पाहणे, आणि शेवटी मूठभर मोहरी व एक पट्टी घेऊन बसणे, एवढे त्यांच्याकडून करविले तर गुणाकारही पक्का होईल आणि धम्मातील परीक्षणाचा अर्थही कळेल. आपल्या पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते, असे ऐकून वाढणाऱ्या मुलास शोधण्यास काहीच उरत नाही. पूर्वजांनी मोजण्याचे धाडस केले, ते कोठपर्यंत बरोबर होते हे आता आपण मोजावयाचे आहे, असे ज्याला सांगितले जाते तो मुलगा किंवा मुलगी पट्टी हाती घेते.